नवतप्यातली थंडी

मागच्या महिन्यात मानेवाड्याला एका बारशाला गेले होते. घरच्या माणसांना आतल्या खोलीत बसवून स्टीलच्या ताटात वाढलं. पाटोडीचा रस्सा, वडाभात, कढी, बोट ठेवायला जागा उरू नये असं भरलेलं ताट. काकांच्या पुढ्यात मात्र कागदाची प्लेट आली. कुणी काही बोललं नाही. वाढणाऱ्या सूनबाईने त्यांच्या मनगटाकडे एकदा पाहिलं, आत गेली आणि येताना प्लेट घेऊन आली, एवढंच. रस्सा पातळ, प्लेट मधोमध वाकायला लागली. काकांनी खालून डाव्या हाताचा आधार दिला आणि "रस्सा जमला बरं का," म्हणत जेवायला लागले. शेजारी बसलेल्या काकूंनी आपली पोळी उचलली, घास तोडला आणि सरळ त्यांच्या प्लेटमधल्या रश्श्यात बुडवून खाल्ला. सगळ्यांना दिसेल असा. मग दुसरा घास, मग तिसरा. सूनबाई कढीचं भांडं घेऊन तिथेच उभी.

त्या मुलीवर राग धरणं सोपं आहे. तिच्या मांडीवर दहा-बारा दिवसांचं बाळ असतं, आणि समोरच्या माणसाच्या हातावर लाल चट्टे. तिला भीती वाटली ती लागण होण्याची. काकांना आहे तो सोरायसिस, कातडीवर लाल खवलेदार चट्टे उठवणारा आजार, कोणाचा कोणाला लागत नाही. साधाही नाही आणि पू-फोडांचाही नाही. हे तिला कोणी सांगितलं नसेल. माझ्या डोक्यातून ती प्लेट जात नाही त्याचं कारण थोडं वेगळं आहे. या आजाराभोवतीची सगळी भीती कायम स्पर्शाभोवतीच गोळा झालेली मी पाहत आले. जे खरंच जिवावर उठणारं होतं, त्याला मात्र आमच्या घरात, शेजारात, नात्यात कोणी कधी घाबरलं नाही. उलट त्याला आम्ही मधात कालवून दिलं.

काकांचा सोरायसिस माझ्या आठवणीच्याही आधीचा. कोपरं, गुडघे, कानामागची कड, केसांची रेघ. नागपूरच्या मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा माणूस एक तर वकील असतो, नाहीतर काहीतरी झाकत असतो. काका वकील नव्हते. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत नंदनवनला त्यांच्याकडे राहायला जायचो, तेव्हा पहाटे झाडूचा आवाज यायचा. काकू घरातलं कोणी उठायच्या आत त्यांच्या गादीभोवतीचा पांढरा कोंडा झाडून, कागदात गोळा करून, बाहेर नेऊन टाकायच्या. मग चहा ठेवायच्या. हा कार्यक्रम इतका ठरलेला होता की मला लहानपणी वाटायचं, सगळ्याच घरी पहाटे असं काही झाडावं लागतं.

मग पुडीवाला सापडला. मध्य प्रदेशच्या हद्दीकडे, एसटीने जाऊन पुढे जीप करावी लागे असं गाव. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या पुड्या, आत पांढरी, किंचित कडवट भुकटी, सकाळी मधातून घ्यायची. आंबट बंद, वांगं बंद. पंधरा दिवसांत काकांची कातडी अशी साफ झाली की काकूंनी देवापुढे साखर ठेवली. त्या काळातल्या लग्नांच्या फोटोंत काका अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आहेत, हात असे मुद्दाम पुढे करून. चेहरा गोल भरलेला. "अंग धरलं," असं सगळे कौतुकाने म्हणायचे. पायांची कातडी पातळ होऊन जराशा धक्क्याने काळंनिळं पडायचं, तर ते "वय झालं" या खात्यात जमा व्हायचं. वर्षानुवर्षं असं चाललं. मग पुडीवाला वारला. त्याच्या मुलाला त्या विद्येत रस नव्हता. घरातल्या पुड्या संपल्या आणि काकांचं औषध एका सकाळी बंद झालं.

त्याला दोन वर्षं झाली. नवतपा लागला होता. ज्यांनी नागपूरचा नवतपा काढलाय त्यांना सांगायला नको: दुपारी बारा ते पाच रस्ते ओस, पारा पंचेचाळीसच्या आसपास, कूलरच्या ताट्यांना पाणी मारून मारून टाकी रिकामी. अशा एका दुपारी काकूंचा फोन आला. "तू येतेस का? यांना थंडी वाजून राहिली." मी गेले तर कूलर बंद, खिडक्या बंद, आणि काका दुलई पांघरून दात वाजवत पडलेले. खोलीत उभं राहवत नव्हतं. दुलई बाजूला केली तर छाती, पोट, मांड्या, सगळं लालभडक, हात लावला तर चटका बसेल असं तापलेलं, आणि त्या लालीवर मोहरीएवढे पिवळसर पांढरे दाणे. काही सुटे, काही एकमेकांत मिसळून पुवाची तळी झालेली. वास होता. तो वास मी अजून कुठल्याच शब्दात बसवू शकलेले नाही. मला मागे सरकावंसं वाटलं आणि मी सरकले नाही, कारण काकू पाहत होत्या.

पू म्हणजे जंतू, हे आपल्याला शाळेपासून पाठ. जवळच्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं. त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलं आणि त्यात दोन दिवस गेले. मग धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ बाई तरुण होत्या, बोलायला तुटक. त्यांनी फोडांमधला पू आणि रक्त, दोन्ही कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहायला, पाठवलं. रिपोर्ट आला: वाढ नाही. "पू आहे, जंतू नाहीत. हा पू-फोडांचा सोरायसिस," त्या म्हणाल्या. दादाला, म्हणजे काकांच्या मुलाला, ते पटेना. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, की मॅडम, भारीतलं अँटिबायोटिक नाही का, पैशाचं पाहू नका. पू म्हणजे मुळात पांढऱ्या पेशींचा ढीग. जंतू आले की त्या धावून येतात. इथे शत्रूच नव्हता, नुसता हाकारा झाला होता आणि फौज कातडीत येऊन थबकली होती. हा हाकारा देणाऱ्या रेणूंना एक आवर घालणारं प्रथिन असतं. काही रुग्णांत त्याच्या जनुकातच बिघाड असतो, हे २०११ साली ट्युनिशियातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे आलं. आजार मात्र जुना. लिओ फॉन त्सुम्बुश नावाच्या डॉक्टरांनी १९१० मध्ये एका भावाबहिणीत तो नोंदवला होता, आणि अंगभर पसरणाऱ्या या प्रकाराला आजही त्यांच्या नावाने ओळखतात. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की ज्याला मारायचं असा कोणी आत नाहीच.

दादाने भांडून एसीची खोली मिळवली होती. बापाला निदान गारवा तरी. बाई आल्या, त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "एसी बंद करा."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो.

नागपूरच्या माणसाला हे माठावरून कळावं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडतं आणि उडताना आतली ऊब घेऊन जातं. काकांची अख्खी कातडी तशी पाझरत होती. मोठ्या माणसाची कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. तेवढ्या सगळ्यातून पाणी, मीठ आणि प्रथिनं बाहेर चालली होती, आणि ऊबही. लाल दिसत होतं ते रक्त. कातडीतल्या झाडून सगळ्या रक्तवाहिन्या सताड उघडल्या होत्या, आणि एवढा पसारा भरून काढायला हृदय दुप्पट कामाला लागलं होतं. आधीच सत्तरीकडे झुकलेलं हृदय. आत ताप, बाहेर हुडहुडी, पायांवर सूज आणि तोंडाला कोरड, या एकमेकींशी न जुळणाऱ्या गोष्टी एकाच माणसात का दिसत होत्या, ते मला तेव्हा उमगलं. मूत्रपिंड निकामी होतं तसं कातडीही निकामी होते, आणि डॉक्टर लोक तिला तसंच मानून उपचार करतात: जळालेल्या रुग्णासारखी शुश्रूषा, उबदार खोली, भरपूर सलाईन, पण मोजून. जास्त झालं तर ते फुप्फुसात उतरतं.

म्हणून लघवी. दर तासाला सिस्टर यायच्या, पिशवीवरच्या रेघा वाचायच्या, कागदावर आकडा टाकायच्या. बाई राउंडला आल्या की पहिला प्रश्न: लघवी किती? फोडांकडे ओझरतं पाहायच्या. काकूंना ते फार लागलं. "अंगभर पू वाहून राहिला अन् ह्या लघवीचंच विचारून राहिल्या. कातडीचं पाहाले आणलं ना आपण यायले?" साठ किलोच्या माणसाला ताशी तीस मिली तरी व्हायला हवी. काकांची त्या रात्री दहा-बारावर आली होती, आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, चढत होतं. रक्तातलं पाणी कातडीवाटे निघून गेलं की मूत्रपिंडाला पुरेसं रक्त मिळत नाही, आणि ते थोडा वेळ तग धरून मग बसतं. मीसुद्धा पिशवीकडे बघायला शिकले. ट्यूबमधून एकेक थेंब उतरताना पाहणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गंभीर काम होऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर बीपी मोजत होत्या. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आणि काकांचा हात आपोआप मुडपला. मनगट वाकलं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात गेला. काका स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसे बघत होते. काकूंना वाटलं लकवा. सिस्टरांनी पट्टा सोडला आणि न पळता, पण भरभर चालत बाहेर गेल्या. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की असं होतं. ट्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात ही खूण सांगून ठेवली आहे. बरंचसं कॅल्शियम रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून फिरतं, आणि अल्ब्युमिनच पाझरून गेलं की त्याचाही आकडा पडतो. काकांच्या बाबतीत मोकळं कॅल्शियमही उतरलं होतं. ते फारच उतरलं तर आकडी येते, हृदयाचे ठोके चुकतात. शिरेतून कॅल्शियम देताना एक डॉक्टर मॉनिटरकडे बघत उभा राहिला, एका शब्दाने बोलला नाही.

मग डोळे पिवळे झाले. त्याच पांढऱ्या पेशी यकृतातल्या पित्तनलिकांभोवती जमल्या की कावीळ होते, असं बाईंनी सांगितलं. तेवढ्यात भेटायला आलेल्या एका नातलगाने कावीळ उतरवणाऱ्या माणसाचा पत्ता दिला, इतवारीत, फक्त रविवारी आणि बुधवारी. ते ज्या खात्रीने बोलत होते ना, ती खात्री मला त्या आठवड्यात एकाही डॉक्टरच्या बोलण्यात ऐकू आली नाही. खरं जाणणारी माणसं "बघू," म्हणतात. हे नातलग पलंगापासून चार हात लांब उभे होते, तोंडाला रुमाल लावून.

पलंगावर केळीची पानं होती. ओली कातडी चादरीला चिकटते, आणि चादर ओढली की कातडीही येते. पानाला ती चिकटत नाही. दादा रोज पहाटे कॉटन मार्केटला जाऊन मोठाली, न फाटलेली पानं आणायचा, सिस्टर धुऊन घ्यायच्या, वर लिक्विड पॅराफिनचा हात. भाजीवाल्याने विचारलं, पूजा आहे का, तर दादा हो म्हणाला.

औषधाचा पेच मला सगळ्यात विचित्र वाटला. सायक्लोस्पोरिन लवकर काम करतं, पण ते मूत्रपिंडावर ताण देतं, आणि मूत्रपिंड आधीच बसलेलं. मेथोट्रेक्सेट आणि ॲसिट्रेटिन यकृतावर जातात, आणि डोळे पिवळे. इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन द्यायचं तर आधी टीबी नाही ना हे पाहावं लागतं. काकांच्या छातीच्या एक्स-रेवर जुना डाग होता. म्हणजे आजाराने आत जाता जाता एकेक दार लावून घेतलं होतं. या आजाराचा तो विशिष्ट हाकाराच अडवणारं स्पेसोलिमॅब नावाचं औषध अमेरिकेत २०२२ च्या सप्टेंबरात मंजूर झालं, शिरेतून देतात. आमच्यासमोर त्या दिवशी होतं ते सलाईन, अल्ब्युमिन, कॅल्शियम, ऊब, केळीची पानं आणि वाट पाहणं. यकृत थोडं निवळलं तेव्हा ॲसिट्रेटिन सुरू झालं.

एका रात्री श्वास लागला. कातडीत साठणाऱ्या त्याच पेशी फुप्फुसातही उतरू शकतात, आणि तिथेही जंतू नसताना न्यूमोनियासारखं चित्र उभं राहतं. की हे खरंच इन्फेक्शन आहे? कारण उघड्या पडलेल्या कातडीतून आता जंतू शिरायला कोणाची आडकाठी नव्हती, आणि या आजारातले बरेच मृत्यू शेवटी सेप्सिसने, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनल्याने, किंवा हृदय थकल्याने होतात. पहिल्यांदा पू होता आणि जंतू नव्हते. आता पू सुकत आला होता आणि जंतूंची भीती खरी झाली होती. दादाला हवं असलेलं भारी अँटिबायोटिक त्या रात्री सुरू झालं. काका त्यातून निघाले. का निघाले, हे मला सांगता येणार नाही. शेजारच्या खोलीतला माणूस त्यांच्याहून तरुण होता.

पुडीचा विषय बाईंनीच काढला. सुरुवातीपासून त्या काकांच्या गोल चेहऱ्याकडे आणि पायांवरच्या काळ्यानिळ्या डागांकडे पाहत होत्या. सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तपासलं तर ते जवळपास नव्हतंच. बाहेरून, म्हणजे इथे पुडीतून, वर्षानुवर्षं स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर आपलं बनवायचं थांबवतं. आणि सोरायसिसच्या माणसाचं पोटातलं स्टेरॉइड अचानक बंद झालं, तर दाबून ठेवलेलं सगळं उसळून अशा पू-फोडांच्या रूपात येऊ शकतं. म्हणूनच जाणते डॉक्टर सोरायसिसला त्या गोळ्या सहसा देत नाहीत. बाई हे काकूंना समजावून सांगत होत्या, आवाज न चढवता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण तेवढे दिवस अंग साफ होतं ना, मॅडम." बाईंनी मान हलवली. हो, होतं.

पुडी कशाला, ट्यूबचंही तेच. स्टेरॉइडची मलमं २०१८ साली सरकारने चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत टाकली. परवाच आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात एक जण "ती हिरव्या पट्ट्याची ट्यूब द्या," म्हणाला आणि त्याला ती मिळाली.

काका घरी आले ते पावसाळ्याच्या तोंडावर. ॲसिट्रेटिनने ओठ इतके फुटले होते की हसायला लागले की रक्त यायचं, म्हणून ते हसू आवरायचे, आणि नेमके त्याच दिवसांत त्यांना हसू फार यायचं. हाताची नखं एकेक करून निघाली. ऑगस्टात केस गळायला लागले. मोठ्या आजारपणानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं, परत येतात, असं बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, तरी न्हाणीघरातलं भांडं पाहून काकू रडल्या. आजार अंगावर वाहत होता तेव्हा त्या रडल्या नव्हत्या.

त्या वर्षी काकांनी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत मिरवत नेतात त्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायचा हट्ट धरला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत जाणं म्हणजे धडधाकट माणसाचं काम. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गाठ पडते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. बाईंना विचारलं तर त्यांनी टोपी आणि पूर्ण बाह्या या अटीवर परवानगी दिली. आम्ही कडेला उभे होतो. बडग्यांच्या, म्हणजे मारबतीसोबतच्या पुतळ्यांच्या, मागून पोरांचा लोंढा आला आणि काका त्यात ओढले गेले. घामेजलेली माणसं त्यांच्या अंगावर आदळत होती, कोणी खांद्यावर हात टाकून नाचत होतं, कोणाची कोपरं बरगडीत. "खोकला, रोगराई, घेऊन जा गे मारबत!" दादा घाबरून त्यांना खेचायला गेला तर काकांनी त्याचा हात झिडकारला. गर्दीतून बाहेर आले तेव्हा टोपी गेलेली, विरळ केस चिकटलेले, खालचा ओठ फुटून रक्ताळलेला, आणि चेहरा असा की मला दुसरीकडे बघावं लागलं. "कोनीच काही इचारलं नाई," ते म्हणाले.

आता कोपरं-गुडघे पुन्हा तसेच, लाल आणि खवलेदार. मनगटावर उतरलेत, ते बारशाला दिसले. दर काही महिन्यांनी रक्त, लघवी, क्रिएटिनिन. ते पूर्ण खाली आलं नाही आणि येईलसं वाटत नाही. कातडी लाल होऊन दुखायला लागली, ताप आला, बारीक पांढरे दाणे दिसले, तर सकाळची वाट न पाहता निघायचं, असं ठरलेलं आहे. काकूंनी फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: सोरायसिस, स्टेरॉइड गोळ्या-इंजेक्शन देण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारणे. दात काढायला गेल्या तरी ती फाइल काखेत असते.

दिवाळीच्या सुमारास शेजारचे एक भाऊ नवा पत्ता घेऊन आले. छिंदवाड्याकडचा कोणी, त्यांच्या साडूचं अंग महिन्याभरात साफ केलेला. काकूंनी चहा दिला, पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "त्याले म्हणा, पुडीवर पहिले लिहून दे का हाय याच्यात. मंग पाहू." भाऊ चहा अर्धा ठेवून गेले, नंतर काही फिरकले नाहीत. पण काका मधूनच, पेपर वाचता वाचता, डोळे वर न करता विचारतात, "तो कागद कुठी ठेवला गं?" काकू ऐकू न आल्यासारखं करतात. कागद काकूंनी फाडलेला नाही, हे मला माहीत आहे. फाइलच्या मागच्या कप्प्यात आहे.